पायातला पत्रा

वडकी मागे पडली आणि पाठीमागून ‘फट्’ असा एकच आवाज आला. टायर गेला असं वाटलं, पण गाडी सरळ चालत होती. आरशात पाहिलं तर रस्त्याच्या वर, माणसाच्या छातीइतक्या उंचीवर, एक काळी चौकट तरंगत होती. हवेत तिने एक पलटी घेतली. तिच्या मागे मोटरसायकल होती. चालवणारा माणूस, पाठीशी बसलेली बाई आणि दोघांच्या मध्ये टोपडं घातलेलं लेकरू.

मी नागपूरहून परत येत होतो. डिसेंबरातलं ऊन अंगाला बरं वाटत होतं म्हणून जिप्सीचा हूड काढून मागे गुंडाळून ठेवला होता. त्याच दुपारी नव्या मॅट घेतल्या होत्या आणि दुकानाच्या दारातच पायात टाकून निघालो होतो. चारांपैकी मागची डावी उडाली होती.

मोटरसायकल डगमगली, डांबर सोडून मुरमावर उतरली आणि थांबली. मी धावत गेलो. कुणी पडलं नव्हतं. मॅटची कड बाईंच्या घोट्याला घासून गेली होती, तिथे पांढरा ओरखडा उमटला होता. लेकरू माझ्याकडे टकमक बघत होतं. त्या माणसाने रस्त्यावरची मॅट उचलली, झटकली, गुंडाळी केली आणि माझ्या हातात दिली. म्हणाला, “भाऊ, हे बांधत जा. आमचं काही नाही झालं, पन मांगून ट्रक येत होता.”

नागपूर-हैदराबादचा तो महामार्ग, 44 क्रमांकाचा. रात्रंदिवस ट्रक वाहतात त्यावरून. मी त्यांची क्षमा मागितली. ते निघून गेल्यावर उरलेल्या तिन्ही मॅट काढल्या, जॅकच्या खाली दाबल्या आणि उघड्या पत्र्यावर पाय ठेवून करंजीमार्गे पांढरकवड्याला आलो. थंडीत पत्रा गार पडतो. त्या गारठ्याने तळपाय बधिर झाले होते, पण मनात तेच चालू होतं: बांधायला हवं होतं, हे मला कसं सुचलं नाही?

सुचलं नाही, कारण मॅट म्हटली की माझ्या डोळ्यांसमोर बंद गाडी यायची. बंद गाडीत मॅट म्हणजे घरातलं पायपुसणं. दारातून आत आलेली माती तिथेच राहावी, खालचा गालिचा मळू नये, एवढंच तिचं काम. उघड्या गाडीत सगळंच वेगळं. काचेवरून गेलेला वारा मागे जाऊन संपत नाही. काचेच्या पाठीमागे हवेचा दाब कमी होतो आणि ती जागा भरायला मागची हवा उलटी आत शिरते. उघड्या जिप्सीत मागच्या बाकावर बसलेल्या बाईचे केस पाठीवर न उडता तोंडावर येतात ते यामुळेच. तीच हवा मॅटच्या मागच्या कडेखाली बोट घालते. कड एकदा चार बोटं उचलली गेली की पुढचं सगळं वारा करतो. आणि मी घेतलेल्या मॅट वजनाला हलक्या होत्या, फोमच्या थरावर रेक्झिन शिवलेल्या. हल्ली ‘सेव्हन डी’ म्हणून विकतात त्या. दिसायला देखण्या. दुकानदाराने काही फसवलं नव्हतं, तो ज्या गाड्यांसाठी विकत होता त्यांत त्या शोभल्याही असत्या.

माझी जिप्सी 1998ची, 1298 सीसीची, कापडी हुडाची. मारुतीने ही गाडी 1985च्या डिसेंबरात आणली आणि 2018च्या अखेरीस तिची नवी मागणी घेणं थांबवलं. सुरक्षिततेचे आणि धुराचे नवे नियम तिच्या जुन्या हाडांना पेलणारे नव्हते. आमच्याकडे जिप्सी अजून चालतात, कारण घाटंजी-पारव्याच्या बाजूला शेतात जायचं तर आर्द्रा लागल्यावर दुसरं काही जात नाही. ट्रॅक्टर जातो, आणि ही जाते.

आमची माती काळी. बसाल्टची झीज होऊन झालेली, मॉन्टमोरिलोनाइट जातीच्या चिकणमातीने भरलेली. पाणी प्यालं की ही माती फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. कापूस तिच्यावर पोसला जातो तो तिच्या या पाणी धरून ठेवण्याच्या गुणामुळे. पण हाच गुण पायाला धरतो. शेतातून बांधापर्यंत येईस्तोवर एकेका वहाणेखाली किलोभर गारा साचतो. गारा म्हणजे आमच्याकडचा चिखल. आकाशातून पडतात त्या गारा निराळ्या. असा पाय गाडीत टाकला की गारा पत्र्यावर उतरतो, वाळतो आणि विटेसारखा होतो. खुरपं घेऊन काढावा लागतो.

पहिल्या वर्षी मी पायात काथ्याची मॅट टाकली होती. चिखल तिच्यात मुरला, वाळला आणि मॅट फळकुटासारखी ताठ झाली. दिवाळीनंतर तिच्यात कुसळं शिरली. कुसळी गवताचं कुसळ नुसतं अडकत नाही, दव पडलं की स्वतःभोवती पीळ खात आत जातं. ते त्या गवताचं बी जमिनीत पेरण्याचं तंत्र. माझ्या मॅटलाही ते जमीनच समजलं. दर सकाळी अनवाणी पायाला टोचायचं. दुसऱ्या वर्षी शेवयांसारख्या प्लॅस्टिकच्या वेटोळ्यांची मॅट आणली, नूडल मॅट म्हणतात ती. माती तिच्या पोटात जाते आणि वरून मॅट स्वच्छ दिसते. मला ती फार आवडली. सबंध पावसाळा ती उचलून पाहिलीच नाही.

कार्तिकात उचलली तेव्हा खालचा रंग सालीसारखा निघून आला. ड्रायव्हरच्या टाचेखाली तळहाताएवढा गंज. बोट दाबलं तर पत्रा आत गेला. मागच्या बाजूला तर आरपार. खाली गवत दिसत होतं. त्या हंगामात मी युरियाची पोती याच गाडीतून वाहिली होती. एक पोतं उसवलं होतं, पांढरे दाणे मी झाडून काढले होते, पण मॅटच्या पोटात गेलेले कोण काढणार? खत ओल धरतं आणि लोखंड खातं, हे शेतकऱ्याच्या घरात जन्मलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. घरी पोती आम्ही नेहमी लाकडी फळीवर ठेवत आलो, पत्र्याला कधी टेकू दिली नाहीत. गाडीतली ओल मात्र मला दिसली नाही, कारण वरची मॅट कोरडी होती.

वेल्डिंगवाल्याकडे पत्र्याला ठिगळं लावून घेतली त्या दिवशी बाबा सोबत होते. त्यांचं वय ऐंशीच्या घरात. उघड्या पडलेल्या पत्र्याकडे बराच वेळ बघून त्यांनी विचारलं, “यात पडलेलं पानी जाते कोठून?”

मी त्यांना पत्र्यातली भोकं दाखवली. रबरी बुचं लावलेली होती. बुच काढलं की पाणी खाली पडतं. मी ती कधी काढलीच नव्हती, मॅटखाली ती झाकलेली होती. दुसऱ्या महायुद्धात लढलेल्या जीपच्या तळालाही पाणी सोडायचं भोक होतं. त्याच घराण्यातल्या विलीज जीप 1940च्या दशकाच्या अखेरीस महिंद्रांनी मुंबईत जोडायला घेतल्या. अगदी 2020च्या नव्या थारच्या तळालाही धुतल्यावर पाणी काढायला बुचं दिलेली आहेत. ज्या गाडीवर छप्पर असेलच असं नाही तिच्यात पाऊस येणार, हे तिच्या कारागिरांनी आधीच धरून चालावं लागतं.

बाबांना ते पटलं, पण त्यांच्या मनातली गाडी वेगळी होती. आमची बैलबंडी. कापसाच्या दिवसांत तिच्यावर ताट्या उभ्या करत. कोलामांनी विणलेल्या बांबूच्या ताट्या बाजारात मिळत; बांबूचं विणकाम त्या लोकांच्या हातात पिढ्यांपासून आहे. कापूस भरताना खाली ताट्या अंथरायच्या, म्हणजे बोंडातलं मऊपण फटीतून सांडत नाही. शेणखत वाहायचं तेव्हा ताट्या काढायच्या आणि बंडीच्या फळ्या उघड्या ठेवायच्या. त्या फळ्यांमध्ये फटी असतात. सुतार त्या मुद्दाम ठेवतो. पावसात लाकूड फुगतं, फट नसेल तर फळ्या एकमेकींना रेटून उचलल्या जातात. त्याच फटीतून पाणी जातं, माती जाते, दाणे जातात. पाहुण्यांना स्टेशनवरून आणायचं असेल तर तणस टाकून वर सतरंजी, आणि सतरंजीचे कोपरे दोराने दांड्यांना बांधलेले.

“बंडीत आंथरलं ते दर खेपेला काढलं,” बाबा म्हणाले. “काढता येत नसन तर आंथरू नये.”

महामार्गावरची ती घटना याच्या पुढच्या हिवाळ्यातली. म्हणजे ओल अडकण्याचा धडा घेऊन मी हलकी, चटकन उचलता येणारी मॅट शोधली, आणि ती वाऱ्यानेच उचलली.

यवतमाळला एक कुशनवाले आहेत. जीपचे हूड, ट्रकच्या गाद्या, ताडपत्रीची शिलाई अशी कामं करत त्यांची हयात गेली. मी त्यांना चाचा म्हणतो. सगळी हकीकत ऐकून त्यांनी मला आधी ड्रायव्हरच्या जागेवर बसायला सांगितलं. मी चपला काढू लागलो तर थांबवलं. “जे घालून गाडी चालवता तेच घाला.” पावसाळ्यात मी गमबूट घालतो, हे सांगितल्यावर दुसऱ्या दिवशी गमबूट घेऊन यायला लावलं.

मग त्यांनी सिमेंटच्या रिकाम्या पोत्याचा कागद पत्र्यावर अंथरला आणि माझ्या पायांभोवती खडूने रेघ मारली. जिप्सीत मधोमध गिअरबॉक्सचा उंचवटा येतो, आणि त्यावर दोन दांडे: एक गिअरचा, दुसरा चारही चाकांना ताकद देण्याचा. दोन्ही दांडे सगळ्या घरांत फिरवून बघितले. क्लच तळापर्यंत, ब्रेक तळापर्यंत, अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत. प्रत्येक वेळी पेडलच्या टोकापासून कागदाची कड चार बोटं लांब राहील असा कागद कापला. “पेडलच्या खाली मॅट जाऊच नये,” ते म्हणाले. “वर चढो की खाली घुसो, माणूस त्याच्यातच मरते.”

हे शब्द ऐकताना मला 2009चं अमेरिकेतलं प्रकरण आठवलं. कॅलिफोर्नियात सॅन डिएगोजवळ एक लेक्सस गाडी वेग आवरेना म्हणून अपघातात सापडली आणि तीतली चारही माणसं गेली. तपासात निघालं ते असं: त्या गाडीत दुसऱ्या मॉडेलची रबरी मॅट टाकलेली होती, ती नीट बांधलेली नव्हती, आणि अ‍ॅक्सिलरेटर तिच्यात अडकला होता. गाडी चालवणारा माणूस महामार्गावरच्या पोलीस गस्तीत नोकरी करणारा. गाडी हाताळण्यात त्याच्याइतका सराव कुणाचा असेल? त्यानंतर टोयोटाने मॅट अडकण्याच्या कारणावरून अमेरिकेत सुमारे 38 लाख गाड्यांच्या मालकांना सूचना दिल्या की ड्रायव्हरच्या पायातली मॅट आधी काढून टाका. इतकी मोठी कंपनी, इतकं पुढारलेलं तंत्र, आणि सगळं येऊन थांबलं ते सुटलेल्या रबराच्या एका तुकड्यापाशी. हे वाचलं होतं तेव्हा ती दूरची बातमी वाटली होती. चाचांच्या दुकानात, गमबूट घालून बसलेलो असताना, ती माझ्या टाचेखाली आली.

रबर कोणतं घ्यायचं यावर आमचं बरंच बोलणं झालं. वणीकडच्या कोळसा खाणींत कोळसा वाहणारे रबरी पट्टे झिजले की भंगारात येतात. ट्रकवाले ते हौद्यात टाकतात, गोठ्यातही अंथरतात. दहा मिलिमीटर जाडीचा पट्टा चौरस मीटरला दहा-बारा किलो भरतो. एवढं वजन असलं की वारा काय करणार, असं मला वाटलं. चाचांनी मान हलवली. एक तर तो पट्टा सपाट. खाली ओल गेली की पत्र्याला चिकटून बसतो, पुन्हा तोच गंज. दुसरं म्हणजे जड वस्तू सुटली तर ती हलकीपेक्षा वाईट. त्या बाईंच्या घोट्याला दहा किलोची कड लागली असती तर! मी तो विषय तिथेच सोडला.

शेवटी ठरलं ते पाच-सहा मिलिमीटरचं, वरून उभ्या रेघांचं आणि खालून कंगोरे असलेलं रबर. रेघा गाडीच्या लांबीला समांतर न ठेवता आडव्या ठेवल्या, म्हणजे टाच पुढे सरकत नाही. खालच्या कंगोऱ्यांमुळे रबर आणि पत्रा यांच्यात बोटभर नाही, पण पाणी वाहील एवढी जागा राहते. पत्र्यातल्या बुचांच्या नेमकं वर रबराला भोकं पाडली. यवतमाळचा मे महिना 45 अंशांवर जातो आणि हूड काढलेल्या गाडीत काळं रबर उन्हात पडून राहतं; कडा वर वळतात, मग त्याच कडेखाली वारा शिरतो. म्हणून कडेला पट्टी शिवून वजन दिलं.

बांधण्यात चाचांचं खरं कौशल्य दिसलं. टाच मॅटला नेहमी पुढे ढकलते, त्यामुळे पुढची मॅट पुढून धरून उपयोग नाही, ती मागून, सीटच्या पायाशी धरायची. त्यांनी रबरात पितळी रिंगा ठोकल्या आणि सीट ज्या बोल्टने पत्र्याला बसवलेली असते त्याच बोल्टखाली पोलादी पट्टीचे आकडे अडकवले. पत्र्याला नवं भोक एकही पाडलं नाही. गाडीच्या पोटाखालून ब्रेकची आणि पेट्रोलची नळी जाते. वरून आंधळेपणाने ड्रिल घातलं की काय होईल हे त्यांनी पाहिलेलं होतं. शिवाय प्रत्येक नवं भोक म्हणजे गंजाला दार. मागच्या मॅटला वारा मागून लागतो, म्हणून तिची मागची कड आडव्या अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीखाली दाबली. पट्टीला दोन फुलपाखरी नट. हाताने फिरवले की पट्टी सुटते, पाना लागत नाही. काढायला सोपं पाहिजे ही अट मी घातली होती. बाबांची अट होती ती.

या कामानंतर माझी नजर बदलली. जिथे उघडी गाडी दिसेल तिथे आधी पायात बघतो. टिपेश्वर आमच्या शेतापासून लांब नाही. पांढरकवडा आणि घाटंजी तालुक्यांत पसरलेलं, सुमारे 148 चौरस किलोमीटरचं सागाचं अभयारण्य. पावसाळ्यात बंद असलेलं जंगल ऑक्टोबरात उघडतं आणि सुन्नाच्या फाटकाशी उघड्या जिप्सी पहाटेपासून रांगेत लागतात. लोक वाघासाठी येतात. 2019 साली इथलाच एक तरुण नर, गळ्यात रेडिओ कॉलर असलेला, तेलंगणातून वळसा घालून, चालत चालत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. तीन हजार किलोमीटरच्या आसपास चालला असं मोजमाप निघालं. त्याच्यासारख्यांचे ठसे ज्या फुफाट्यात उमटतात तो फुफाटा पिठासारखा बारीक असतो. म्हणून ठसा स्पष्ट येतो, बोटांची कडसुद्धा कळते. हाच फुफाटा फाटकातून बाहेर पडेपर्यंत जिप्सीच्या पत्र्यावर थर धरतो आणि गुळगुळीत पत्र्यावर तो तेलासारखा निसटतो. वाघ दिसला की मागची माणसं उठून उभी राहतात, गाडी त्याच वेळी थोडी मागेपुढे होते, आणि पाय जातो.

तिथल्या एका चालकाने मागचा भाग पूर्ण उघडा ठेवला होता, फक्त बाकाच्या पुढे, जिथे उभा राहणाऱ्याचे पाय येतात तिथे, खरबरीत रबराच्या दोन पट्ट्या बोल्टने आवळल्या होत्या. मी वाकून बघत राहिलो. त्याला वाटलं माझं काही पडलं. मी पट्ट्यांबद्दल विचारल्यावर तो खुलला. “म्हातारी मानसं येतात ना सर. दिसला का हात सोडतात.” दोन सफारींच्या मधल्या वेळात तो पाण्याची कॅन ओततो, बुच उघडतो, पत्रा स्वच्छ. मॅट घातली असती तर दर फेरीला झटकावी लागली असती आणि फाटकाशी तेवढा वेळ मिळत नाही. त्याच्या कामाला त्याचं उत्तर बरोबर होतं. माझ्यासारखं सगळीकडे अंथरलं नाही म्हणून मला त्याचा हेवा वाटला.

महामार्गावर मी आता दर थांब्याला हात घालून चारही रिंगा चाचपतो. चहाला उतरलो तरी चाचपतो. ते टोपडं घातलेलं लेकरू आता शाळेत जात असेल. त्याचं गाव मला ठाऊक नाही, विचारायचंही भान राहिलं नव्हतं. वडकी आली की माझा पाय आपोआप सैल पडतो.

गेल्या आषाढात बाबांना शेतावर नेलं होतं. सोयाबीन गुडघ्याला आली होती, कपाशीला पहिलं खत द्यायचं होतं. हूड लावायला विसरलो आणि तासाभरात आभाळ फाटलं. आम्ही धुऱ्यावरच्या कडुनिंबाखाली उभे राहिलो, गाडी उघड्यावर. थांबल्यावर बघितलं तर पायात वीतभर पाणी, त्यात कडुनिंबाची पानं आणि बाबांची काठी तरंगत होती.

बाबा जवळ आले. पूर्वी बंडीत चढण्याआधी ते चाकाच्या धावेवर वहाण आपटून गारा पाडत. तसंच त्यांनी टायरवर दोन्ही वहाणा आपटल्या. मग बाजूने बसले, पाय बाहेर सोडून, आणि माझ्याकडे बघत राहिले. मी पट्टीचे नट सोडले, मॅटचं टोक उचललं आणि ड्रायव्हरकडचं बुच ओढलं. गढूळ पाणी एका धारेत खाली पडू लागलं, काळ्या मातीत जिरू लागलं. बाबांनी पाण्यातून काठी उचलली आणि तिच्या टोकाने पुढच्या मॅटचा कोपरा दाबून बघितला, मग दुसरा, मग पेडलखालची मोकळी जागा. काही सरकलं नव्हतं.

धार बारीक होत आली. “ते तिकडचं उघड,” ते म्हणाले, “तिकडं अजून हाय.”